प्रतवारी

जून लागला की मासे मांडवावरून उतरतात.
चार महिने लोफोटेनच्या वाऱ्यात टांगलेले,
शेपटीला शेपटी बांधून, जोडीजोडीने,
लाकडासारखे टणक, आणि हलके.
मग माझं काम.

एकेक उचलायचा. उजेडाकडे धरायचा.
पाठीवर अंगठा फिरवायचा, पोटात नाक घालायचं.
दंवाने फुगलाय? रक्ताचा डाग? मानेपाशी बुरशी?
तीन सेकंद.
वीस प्रती, वीस ढीग.
चाळीस वर्षांत आर्नफिनचा हात चुकला नाही
असं गाव म्हणतं.
मीही म्हणतो, मनात, जरा जास्तच वेळा.

प्रभू, तुला ठाऊक आहे,
हा अंगठा रविवारी घरी राहत नाही.
कोटाच्या खिशात बसून
बाकाबाकावरून फिरतो.
बर्गल्योत: आवाज खणखणीत, दानपेटीत मात्र चिल्लर. दुसरी प्रत.
नवे पाळक: प्रवचन ओलसर, नीट वाळलेलं नाही.
सोल्फ्रिदचा मुलगा, तुरुंगातून आलेला:
त्याला तर मी हातही लावत नाही.
आणि तिसऱ्या रांगेत, खिडकीशी, इंगवाल्ड,
माझा सख्खा भाऊ,
वडिलांची होडी मला न विचारता विकणारा.
अकरा वर्षं मी त्याला पाण्यात पाहतोय.
समुद्राकाठच्या माणसाला
पाणी काही कमी पडत नाही.

ओठांवर मात्र 'आमच्या बापा'.
त्या 'आमच्या'तून
मी कुणाकुणाला वगळतो, तूच मोज.

यंदा कोठारात ओक्वुदिली आला, नायजेरियातून.
जेवणाआधी डब्यावर मान झुकवतो,
इतका वेळ, की आमची कॉफी निवते.
पहिल्याच आठवड्यात विचारलं त्याने,
हा ढीग कुठे जातो?
इटलीला.
आणि हा?
इटलीलाच, दुसऱ्या शहरात.
आणि ती डोकी, ती मोडकी, फाटकी, शेवटची?
मी म्हणालो, तुमच्याकडे.
म्हणताना आवाजाला जी धार आली
ती मलाच ऐकू आली.

तो हसला.
त्या ढिगाशी उकिडवा बसला,
एक डोकं उचलून हुंगलं,
घरचं पत्र उघडावं तसं.
"आई हे रात्रभर भिजवायची.
लग्नाच्या रश्शात हेच लागतं.
तुमचं ते पहिल्या प्रतीचं,
त्याला कुठे चव असते?"

त्या रात्री डोळा लागला नाही.
सूर्यही मावळत नव्हता, त्याला काय,
जूनमध्ये तो इथे मावळतच नाही.
पडद्याच्या फटीतून येत राहिला, बिछान्यावर,
माझ्या या हातावर.
आठवलं: जाळं भरलं, किनाऱ्यावर ओढलं,
की चांगलं-वाईट निवडायचं काम
तू अगदी शेवटासाठी राखलंस,
आणि तेही देवदूतांवर सोपवलंस.
माझं नाव त्या यादीत नव्हतं.
चाळीस वर्षं मी
कुणी न दिलेली नोकरी करतोय.

रविवारी उपासनेनंतर, कॉफीच्या रांगेत,
इंगवाल्ड नेमका माझ्या पुढे.
डिझेल, ओली लोकर, म्हातारपण:
नाकाने आपलं काम सुरू केलं.
खिशात अंगठा हलला.
मी हात बाहेर काढला.
रिकामा हात ठेवावा कुठे, कळेना,
म्हणून साखरेची वाटी पुढे केली.
"साखर?"
त्याने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बंद केली. चार वर्षं झाली. डॉक्टर ओरडते."

चार वर्षं.
मला कुणी सांगितलं नाही,
म्हणजे, मी कुणाला विचारलं नाही.

एवढंच. होडीचा विषय निघाला नाही.
राग अजून आहे, प्रभू, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू.
पण वाटी आमच्या दोघांच्या हातात होती
क्षणभर, आणि कुणी आधी सोडेना.

सोमवारी पुन्हा मासे.
उचलायचा. उजेडाकडे धरायचा.
हे काम माझं आहे, ते चोख करीन.
फक्त संध्याकाळी हात धुताना
अंगठा जरा जास्त वेळ घासतो.
वास जात नाही.
उद्या पुन्हा घासेन.